तुळया येत आहेत

पेत्रोहोरी, १० मार्च १९७५

लाम्ब्रोस,

दर खेपेला वर 'प्रिय' लिहिते, या वेळी लिहिलेलं नाही. माझ्या मागच्या दोन्ही पत्रांना तू उत्तर पाठवलं नाहीस, तेव्हा 'प्रिय'ची वाटही बघू नकोस. मेलबर्नला टपाल उशिरा पोचतं हे मला ठाऊक आहे, पण इतकं उशिरा पोचत नाही.

परवा पितरांचा शनिवार झाला. उकडलेल्या गव्हाचं ताट घेऊन मी चर्चमध्ये गेले. पाद्रीबाबा सोतीरिस अजून तेच आहेत, आता नावं वाचताना कागद नाकाला टेकतो. आधी बाबांचं नाव वाचलं, मग आईचं. बाहेर आल्यावर आसिमो मावशीने मला भिंतीशी गाठलं. "पोलिक्सेनी, झीसिसला आता वर काढायला हवं गं. चार वर्षं झाली. मातीने आपलं काम केलं असेल. आणि खरं सांगू, माझे गुडघे गेलेत, अजून एखादंच खणणं होईल माझ्याने. ते तुझ्या बापाचं होऊ दे."

तेव्हा मे महिन्यात, ईस्टर झाल्यावर, एका शनिवारी बाबांची हाडं काढून, धुऊन, पेटीत घालून अस्थिघरात ठेवायचं ठरलंय. तू ये. मुलगा जिवंत असताना बापाची कवटी मुलीने ओटीत घ्यायची, हे गावात बरं दिसत नाही. माझी हरकत नाही, मी एकदा घेतलेली आहे. ती कुणाची होती हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून तुला बोलावते आहे.

तुझ्या मुलीला कधी सांगितलंस का, तिच्या आजोबांचं आणि तुझं काय बिनसलं ते? नसशीलच सांगितलं. मग हे पत्र जपून ठेव आणि ती मोठी झाली की तिला वाचून दाखव. तू सांगायला गेलास तर तुझ्या बाजूने सांगशील.

आई बावन्न साली गेली. छप्पनच्या हिवाळ्यात डोंगराची कड खचली आणि स्मशानातले सगळे लाकडी क्रूस चिखलात आडवे झाले. पाद्रीबाबांनी ते पुन्हा रोवले. पुढच्या वर्षी बदाम झोडून झाल्यावर आईला काढायचं ठरलं, तेव्हा तू थेस्सालोनिकीहून आलास, विद्यापीठाचं पहिलं वर्ष पास होऊन, कोट घालून. क्रूस होता तिथे आसिमो मावशीने खणलं. कवटी निघाली. तिने ती वाइनने धुतली आणि पांढऱ्या रुमालात गुंडाळून माझ्या ओटीत दिली. मी मुका घ्यायला वाकले आणि बाबा म्हणाले, "ही एव्हान्थी नाही."

बाबा कसे होते ते तुझ्या मुलीला सांग. गावाचे राखणदार. कुणाची बकरी कुणाच्या बदामात शिरली, कुणाचा बांध कुठून जातो, हे त्यांनी बोटाने दाखवायचं आणि गावाने निमूट ऐकायचं. तेच बोट त्यांनी कुंपणाच्या भिंतीकडे केलं. "ती तिथे आहे."

"झीसिस, क्रूस इथे आहे," पाद्रीबाबा म्हणाले.

"क्रूस तुम्ही रोवलात. बायको मी पुरली."

"बाबा, कशावरून म्हणताय?" तू विचारलंस.

"आहे म्हणजे आहे. हिचा डावा हात बघा. एव्हान्थी बदामावरून पडली होती, हाड वाकडं सांधलं होतं, गाठ होती. इथे कुठाय गाठ?"

"मातीत हाड झिजतं. गाठ राहत नाही."

"गाठ राहते. ती तिथे आहे."

मग तू तो शब्द काढलास. दोग्मातीझिस. म्हणजे आपलंच म्हणणं खरं, असं तुम्ही हटून बसला आहात. आपल्या गावात तो शब्द त्याआधी कुणी वापरला नव्हता. बाबा गांगरले, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. म्हणाले, "दोग्मा म्हणजे रोमच्या कैसराचं फर्मान. नाताळला चर्चमध्ये वाचतात, मला माहीत आहे. मी काही कैसर नाही. मी फक्त खरं ते सांगतोय."

आणि तू, उघड्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून, आम्हा सगळ्यांची शाळा घेतलीस. मला ते शब्दन् शब्द आठवतं. "कैसराच्याही आधी तो शब्द लहान होता, बाबा. त्याचं मूळ आहे दोकी. दोकी मी, मला वाटतं. बस, एवढंच. आधी एका माणसाला नुसतं वाटतं. मग चार जण जमून म्हणतात, आम्हाला असं वाटलं, आणि तो ठराव होतो. मग राजा म्हणतो आणि त्याचं फर्मान होतं. शेवटी आपल्याला हे नुसतं वाटलं होतं, हेच माणूस विसरून जातो. त्याला दोग्मातीझो म्हणतात." आणि तोच श्वास न सोडता म्हणालास, "ही आईच आहे."

तुझ्या शेवटच्या वाक्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही, माझ्या ओटीत कवटी होती. पाद्रीबाबा तुझ्या बाजूने, क्रूस तुझ्या बाजूने, त्यामुळे हाडं पेटीत गेली आणि काळ्या रंगाने पेटीवर आईचं नाव तू घातलंस. अक्षर सुंदर आलं होतं.

पुढचं तुला कळलेलं नाही, कारण तू महिन्याभरात बोटीवर चढलास. गावच्या पोरांना तुझा शब्द फार आवडला. बापाच्या नावाशी त्याचं यमक जुळतं हे तुझ्या ध्यानात आलं नसेल, पोरांच्या लगेच आलं. झीसिस, दोग्मातीझिस. बाबा शिवारात निघाले की मागून हे सुरू. शिट्टी फुंकून बकऱ्या हाकलणारा माणूस, आता तो जाईल तिथे हे गाणं त्याला हाकलायचं. ते घरी येऊन म्हणाले, "त्याने लिहून कळवावं की त्याला नुसतं वाटलं होतं. मग दार उघडं आहे." आणि तुझं पत्र आलं त्यात तेच, त्यांनी आधी म्हणावं. दोघांना एकच शब्द हवा होता आणि तोही दुसऱ्याच्या तोंडून.

मे महिन्यात ये.

पोलिक्सेनी


१४ एप्रिल

लाम्ब्रोस,

उत्तर आलं. चार ओळींसाठी एवढं मोठं पाकीट कशाला वाया घालवलंस?

तू विचारतोस, शेवटी तरी म्हणाले का? नाही म्हणाले. शेवटचे दोन दिवस ते भिंतीकडे बोट करून होते. मला आधी वाटलं घराची भिंत, पाणी हवंय की काय. मग म्हणाले, "भिंतीपाशी. मला तिथेच." पाद्रीबाबांना मी निरोप दिला आणि आम्ही त्यांना स्मशानाच्या कुंपणाला लागून, त्या कोपऱ्यातल्या बदामाखाली पुरलं. तिथे कुणी पुरून घेत नाही, झाडाची मुळं फार. लोक म्हणाले, मेल्यावरही हेका सोडला नाही. मी लोकांशी भांडले नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

तू पाठवलेला फोटो त्यांनी बघितला होता, हे तुला लिहिलं नव्हतं. त्यांनी मला बजावलं होतं, त्याला कळवायचं नाही. आता ते नाहीत तेव्हा कळवते. मुलगी गुडघ्यांवर बसलेली, हातात कसलंसं परदेशी फळ. बाबांनी विचारलं, "नाव काय ठेवलं?" मी म्हटलं, "आईचंच. एव्हान्थिया." ते फोटो घेऊन खिडकीत गेले आणि बराच वेळ परत आलेच नाहीत. मग फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ही एव्हान्थी आहे." एवढंच. फोटो त्यांच्या टोपीत होता, टोपीसकट पुरलाय.

तू येणार नाहीस असं लिहितोस. "काय खणायचं ते तुम्ही खणा, मला त्या गावाशी कर्तव्य नाही." बरं. तुला काम असेल, बायको असेल, मोटारींचा कारखाना असेल. मलाही एक काम आहे, ते तुला सांगून ठेवते.

दुपारी जरा डोळा लागला की आई येते. हल्ली रोज येते. उंबऱ्यावर बसते, माझ्याकडे पाठ करून, आणि आत येत नाही. मी म्हणते, "आई, आत ये, पाय गारठतील." ती मान हलवते. एकदा म्हणाली, "मला कुणी हाक मारली तर येईन ना." मी हाक मारायला तोंड उघडते आणि आवाज फुटत नाही, कारण मला समोरून चेहरा दिसत नाही, आणि ती आईच आहे का अशी शंका येते. शंका आली की जाग येते. आसिमो मावशी म्हणते, मेलेल्यांना आपली जागा मिळाली नाही की ते असे दारात बसतात. मी तिला म्हटलं, "मावशी, आईची जागा अस्थिघरात आहे, पेटीवर नाव आहे." ती कॉफी उतू जाते म्हणून आत गेली. कॉफी उतू जात नव्हती.

अठरा वर्षं मी त्या पेटीपुढे दिवा लावते, लाम्ब्रोस. मला भीती वाटते.

पोलिक्सेनी


१८ मे

लाम्ब्रोस,

काल बाबांना काढलं. सगळं व्यवस्थित झालं. हाडं पिवळी निघाली, मेणासारखी, म्हणजे माणूस चांगला होता आणि कुणाचा शाप त्याच्यावर नव्हता. लहानपणी ते गाणं म्हणणाऱ्या, आता आया झालेल्या बायकासुद्धा म्हणाल्या, झीसिस भला निघाला. कवटी मीच ओटीत घेतली. टोपी कुजली होती, फोटोचं काहीच राहिलं नव्हतं. वाइन आपल्या घरचीच वापरली. उकडलेले गहू सगळ्यांना पुरले. स्तेर्गिओस वाण्याने ब्रँडी पाठवली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत, यावरून गावाला बाबांबद्दल किती आदर होता ते समज.

पोलिक्सेनी


१९ मे

काल अर्धंच लिहिलं. पाकीट बंद केलं होतं, ते वाफेवर उघडून पुन्हा लिहायला बसले आहे.

बाबांची हाडं काढून झाल्यावर आसिमो मावशी खड्ड्यातून वर येईना. कुदळ बाजूला ठेवली आणि हाताने माती उकरायला लागली. मी म्हटलं, "मावशी, झालं ना आता, ये वर." ती म्हणाली, "थांब. इथे आणखी कुणीतरी आहे."

बाबांच्या खाली होती. मधे वीतभर माती, तेवढीच. मुळांनी तिला चारी बाजूंनी धरून ठेवलं होतं. शेजारच्या कबरींवर दिवे लावणाऱ्या बायका गोळा झाल्या. मावशी एकेक हाड पुसून वर देत होती आणि मी एप्रनमध्ये घेत होते. डाव्या हाताचं हाड आलं. त्यावर गाठ आहे.

मी ते धरून उभी राहिले. मला आनंद झाला नाही, बाबा खरे ठरले असंही वाटलं नाही. पहिल्यांदा डोक्यात आलं ते हे, की मग माझ्या ओटीत कोण होती? मी कुणाचा मुका घेतला? अठरा वर्षं मी कुणाला 'आई' म्हणून सांगत आले, की लाम्ब्रोसचं पत्र आलं नाही, की शेळी व्याली, की मला एकटीला या घरात कसंतरी होतं?

तू लगेच म्हणशील, म्हणजे बाबांचंच खरं होतं. थांब. स्तेर्गिओसची आई तिथेच उभी होती, ती म्हणाली, "अगं, बदामावरून या गावात कोण पडलं नाही? माझाही हात वाकडाच आहे." आणि बाही वर करून दाखवला. तिच्या बहिणीचाही होता म्हणे, आणि ती बहीण त्याच कडेला पुरली होती, तिची पेटी कधी झालीच नाही. मी मावशीकडे बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? माती नाव सांगत नाही."

तेव्हा आता माझ्याकडे दोघी आहेत. एक पेटीत, तुझ्या अक्षरातलं नाव घेऊन. दुसरी आपल्या घरात, आईच्या लग्नाच्या चादरीत बांधून, कोनाड्याखाली. मी तिच्या शेजारी बसून हे लिहिते आहे. दुपारी झोपायची हिंमत होत नाही.

पोलिक्सेनी


२९ मे

लाम्ब्रोस,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते, कारण आता मला मुदत आहे. पेन्टेकॉस्टच्या आधीचा पितरांचा शनिवार २१ जूनला येतो. पाद्रीबाबा म्हणतात त्या दिवशी दोन्हींपैकी एकच पेटी एव्हान्थियाच्या नावाने आत जाईल. दुसरीतली हाडं कोपऱ्यातल्या मोठ्या खड्ड्यात, बिननावाच्यांत. "पोलिक्सेनी, एका बाईसाठी दोनदा प्रार्थना मी करीन, पण एका बाईची दोन शरीरं मी कशी वाचू? तू ठरव. तू मुलगी आहेस."

मी चिडले. म्हटलं, "सत्तावन्न साली तुम्ही ठरवलंत. क्रूस तुमचा होता. तेव्हा तुम्हाला किती खात्री होती?"

ते अंगणातल्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर मांजर. त्यांनी मांजराचे कान चोळले. मग म्हणाले, "खात्री? गुडघाभर चिखल होता. क्रूस पडलेले, काही डोंगरावरून घसरून खाली गेलेले, निम्म्यांवरची नावं धुतली गेलेली. एकेका घरातले येऊन विचारायचे, आमचा कुठे, आमची कुठे. रडत होते सगळे. मला अंदाज होता. मी रोवले. पोरी, कुणीतरी ठामपणे रोवायलाच हवे होते, नाहीतर गाव त्या चिखलात उभंच राहिलं असतं."

"मग बाबांना तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुझा भाऊ एवढं छान बोलत होता. मलाही वाटलं, माझा क्रूस बरोबर असेल."

त्यांच्या जागी मी असते तर मीही रोवले असते.

आता तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तीही बाबांनी कळवायला मनाई केली होती. दर पितरांच्या शनिवारी ते चर्चमधून दोन मेणबत्त्या घ्यायचे. मी धरून चालले होते, एक आईला, एक आजीला. एकदा मी मागोमाग गेले. एक मेणबत्ती त्यांनी भिंतीपाशी, बदामाखाली लावली, जिथे क्रूस नाही, काही नाही. ते मला अपेक्षित होतं. मग ते अस्थिघरात गेले, तुझ्या अक्षरातल्या पेटीसमोर उभे राहिले आणि दुसरी तिथे लावली. टोपी काढली. पेटीवरची धूळ बाहीने पुसली. मागे वळले तर दारात मी.

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तर म्हणता ही आई नाही."

"नाहीच."

"मग मेणबत्ती?"

"कुणाची तरी आहे ना?" असं म्हणाले, आणि निघाले. दारापाशी थांबले आणि म्हणाले, "आणि असलीच, तर तिला वाटायला नको की झीसिस आला नाही." मग माझ्याकडे तेच बोट करून, "लाम्ब्रोसला कळवायचं नाही."

चौदा वर्षं तो माणूस दोन मेणबत्त्या लावत होता आणि गाव त्याच्यामागे गाणं म्हणत होतं. तुला हवा होता तो शब्द त्यांनी तोंडाने कधी उच्चारला नाही. मेणबत्तीने म्हटला असेल तर तुला चालतो का, ते बघ.

मी एकटी ठरवणार नाही. पहिल्या पेटीवर नाव तू घातलंस. ये आणि बघ. नाही आलास तर २१ तारखेला मी दोघींनाही त्या खड्ड्यात ठेवीन आणि आईला कुठेच नाव राहणार नाही, तुझ्या मुलीशिवाय.

पोलिक्सेनी


१४ जून

लाम्ब्रोस,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. तू बसमधून उतरलास की स्तेर्गिओस तुझ्या हातात देईल. दुकानातच बसून वाच, घरी येऊ नकोस, मी स्मशानात असेन. आधी तुझ्या तारेने इथे काय झालं ते ऐक, म्हणजे लोक तुला जे काही विचारतील त्याचा अर्थ लागेल.

मंगळवारी गावात टेलिफोन वाजला, म्हणजे स्तेर्गिओसच्या दुकानात. तालुक्याच्या टपाल कचेरीतली मुलगी तार वाचून दाखवत होती. तो चीजच्या कागदावर उतरवून धावत आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात. "पोलिक्सेनी, भावाची तार. तुळया येत आहेत."

"काय येत आहेत?"

"तुळया. लाकडाच्या. छपराला लागतात त्या."

मी कागद घेतला. तसंच लिहिलं होतं. स्तेर्गिओस म्हणाला, "त्या मुलीने वाचलं 'तुळया येतो'. मी तिला म्हटलं, बाई, तुळया येतो असं कुणी बोलतं का? ऑस्ट्रेलियात राहून आपली भाषा विसरला असेल बिचारा. म्हणून मी दुरुस्त करून घेतलं."

तासाभरात गावाला पत्ता लागला की लाम्ब्रोस बापाचं घर नव्याने बांधतोय. सुतार फूटपट्टी घेऊन आला आणि छप्पर मोजून गेला. म्हणे ऑस्ट्रेलियातल्या लाकडाला वाळवी लागत नाही. स्तेर्गिओसच्या मुलांनी आपल्या फाटकाशेजारची काटेरी झुडपं तोडली, ट्रक आत वळायला हवा म्हणून. पाद्रीबाबांनी चर्चच्या पडवीसाठी एखादी तुळई उरेल का ते विचारून घेतलं. मी सगळ्यांना कॉफी दिली आणि मनातून तुला शिव्या घातल्या. मी आईचं विचारते आणि हा लाकडं पाठवतो, असं मनात येत होतं. रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी आसिमो मावशी माझ्याकडे शेंगा सोलत बसली होती. तिला तुळयांचं कौतुक. आपल्याच नादात पुटपुटत होती, "दोकी... दोकी येणार... किती असतील गं दोकी?" माझ्या हातातली शेंग खाली पडली. तुळयांना आपण दोकीच म्हणतो, आणि तुझा तो 'वाटतं'वाला जुना शब्दही कानाला तोच. मी तो जन्मात एकदाच ऐकला होता, खड्ड्याच्या काठावर, तुझ्या तोंडून. तालुक्याच्या मुलीने तारेतली परकी, इंग्रजी अक्षरं वाचली, स्तेर्गिओसने ऐकलं तसं उतरवलं, आणि गावाने ट्रकची वाट केली.

दोकी. येतो.

मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुळया नाहीत?" मी म्हटलं, "नाहीत." तिचं तोंड उतरलं. मग म्हणाली, "आणि पोरगा?" मी म्हटलं, "पोरगा येतोय." ती उठली, हात धुतले, आणि माझं डोकं छातीशी धरून उभी राहिली. मी किती रडले ते तुला सांगत नाही, डोक्यावर चढशील. गावाला मी अजून सांगितलेलं नाही. सुताराला तूच काय ते सांग.

आता कामाचं. अस्थिघरातली पेटी मी बाहेर आणून घासली आहे. तुझी जुनी अक्षरं खरवडताना जिवावर आलं, पण खरवडली. दुसरीसाठी सुताराकडून तशीच पेटी करून घेतली. दोन्ही शेजारी शेजारी बदामाखाली ठेवल्या आहेत, झाकणं उघडी. तू आधी बघ. हात बघ, गाठ बघ, स्तेर्गिओसच्या आईचा हातही बघ, ती दाखवायला टपूनच आहे. सगळं बघून झाल्यावर तुला जर एकीकडे बोट करून सांगावंसं वाटलं, तर बसची वेळ बघ आणि परत जा. तसं सांगणारी माणसं मी खूप बघितली.

नाही वाटलं, तर काळा रंग आणि ब्रश भिंतीवर ठेवलाय. दोन्ही पेट्यांवर आईचं नाव घाल आणि त्याखाली तो तारेतला शब्द लिही. पाद्रीबाबा कुरकुरले, "असं कुठे लिहितात का? वाचताना मी काय म्हणू?" मी म्हटलं, "जे लिहिलंय ते म्हणा, तुमच्या क्रूसांवरही हेच लिहायला हवं होतं." ते हसले. हो म्हणाले. बाबांच्या पेटीवर मात्र नुसतं झीसिस लिही. त्यांच्याबद्दल कुणालाच शंका नाही.

आणि हे शेवटचं. तार कळली त्या दुपारी, इतक्या दिवसांनी, मी झोपले. ती आलीच. उंबऱ्यावर, पाठमोरी. या वेळी मी हाक मारली, एव्हान्थी म्हणून, बाबा मारायचे तशी, आणि आवाज फुटला. ती उठली, आत आली, आणि चुलीपाशी माझ्याशेजारी बसली. पण चेहऱ्यावर ओढलेला रुमाल तिने बाजूला केला नाही. मी विचारलं, "आई, तूच ना गं?"

ती बराच वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "मला वाटतं."

गहू भिजत घातलेत. लवकर ये.

तुझी,
पोलिक्सेनी